चौदाव्या डब्यातली सातवी नळी

१

चौदा नंबरच्या डब्यातली सातवी जागा रिकामी होती.

भाग्यश्री इंगोलेने आधी स्वतःच्या मोजण्यावरच शंका घेतली. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून नुकताच काढलेला डबा, जाड हातमोज्यांतही बधिर होत चाललेली बोटं. माणूस एखादी ओळ चुकू शकतो. तिने पुन्हा मोजलं. ऐंशी नळ्या. हव्या होत्या एक्याऐंशी. बाकी सगळ्या नळ्यांच्या टोपणांवर पिठासारखं हिम साचलं होतं, आणि त्यांच्यामधलं ते एक भोक मात्र अगदी स्वच्छ होतं.

सोमवार सकाळचे साडेनऊ वाजले होते. पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत अजून चहाही आला नव्हता.

हरवलेल्या नळीत सहा वर्षांपूर्वी कुटलेल्या एका काकडीच्या पानाचा रस होता. एका बियाणे कंपनीच्या चाचणी-प्लॉटमधून ते पान आलं होतं, आणि त्या रसात विषाणू होता. वहीत नोंद होती, ‘का-१, मूळ’. त्यातलाच थोडा भाग घेऊन प्रयोगशाळेने तो विषाणू तंबाखूच्या जातीच्या रोपांवर वर्षानुवर्षं वाढवला. भाग्यश्रीची पीएच.डी.ची तीन वर्षं त्याच वाढवलेल्या विषाणूवर गेली होती. मूळ नळीला मात्र कुणी हात लावला नव्हता.

आज ती नळी हवी होती मांजरी गावामुळे. हडपसरच्या पुढे, मांजरीत, चार पॉलिहाऊसमधल्या काकडीवर जानेवारीत रोग आला. पानांवर फिक्या-गडद हिरव्या रंगाचे पट्टे आणि फोड, फळं वाकडी. सगळे म्हणाले, मावा पडलाय. भाग्यश्रीने पानं आणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. माव्याबरोबर येणारा विषाणू गोल असतो. हे होते सरळसोट दांडे, पट्टीने आखल्यासारखे. या विषाणूला पसरायला किडा लागत नाही. हात, कात्री, सुतळी, कपडे, काहीही चालतं. साबणाने धुवून सहज जात नाही आणि महिनोन् महिने मरत नाही.

शनिवारी त्याच्या जनुकांचा अहवाल आला. मांजरीचा विषाणू आणि प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू जवळजवळ एकच होते. फरक फक्त दोन अक्षरांचा. त्यातलं मुळातलं अक्षर कुठलं आणि नंतर बदललेलं कुठलं, हे कळायला मूळ नळी हवी होती.

हे तिने शनिवारी संध्याकाळी तिचे मार्गदर्शक डॉ. श्रीनिवास दातार यांना सांगितलं होतं. तेव्हा बियाणे कंपनीचा अधिकारी राजस कुलथे त्यांच्याच केबिनमध्ये बसला होता. जाताजाता तिने प्रयोगशाळेतला मदतनीस सुदर्शन याला चौदा नंबरचा डबा पुढे काढून ठेवायला सांगितलं. म्हणजे ही गोष्ट तिघांना ठाऊक होती. फ्रीझरच्या किल्ल्या मात्र सर, सुदर्शन आणि ती स्वतः, एवढ्यांकडेच होत्या.

नळी नाहीशी झाल्याचं तिने आता सांगितलं, ते दातार सरांनी शांतपणे ऐकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“भाग्यश्री, डिसेंबरात तू मांजरीला पाहणीसाठी गेली होतीस ना? चारही पॉलिहाऊसमध्ये?”

“हो सर.”

“इथून, विषाणूचं काम करता करता गेलीस. हातमोजे घातले होतेस?”

 तिने हातमोजे घातले नव्हते.

२

दुपारपर्यंत तिचा फोटो मांजरीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. काकडीच्या वेलीला हात लावून उभी असलेली ती, आणि खाली ओळ: ‘रोग आणणारी हीच ती लॅबवाली. दिसली तर आत घेऊ नका.’

हडपसरला ती भाड्याच्या खोलीत राहायची. संध्याकाळी मंडईतून जाताना तिने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. कोथिंबीर विकणाऱ्या बाईने मोबाइलकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि परत मोबाइलकडे. भाग्यश्रीने हातातली जुडी खाली ठेवली आणि भराभर चालू लागली. मागून कुणीतरी “ओ ताई!” म्हणून हाक मारली. ती थांबली नाही. खोलीत शिरून कडी लावली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण सबंध रस्ताभर धावत आलो.

वाशीमहून आईचा फोन आला. “काय वं, आवाज असा का येऊन राह्यला तुहा?”

“काही नाई आई. सर्दी झाली,” ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर स्वतःच्या हातांकडे बघत बसली. तीन वर्षं हेच हात दररोज त्या रसात होते. खरंच आपणच नेला असेल तर?

दुसऱ्या दिवशी संस्थेने चौकशीसाठी डॉ. वासंती सहस्रबुद्धे यांना बोलावलं. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं विषाणूंवर काम करून निवृत्त झालेल्या. शनिवार पेठेतून स्वतःच्या स्कूटरवर आल्या आणि हेल्मेट न काढताच फ्रीझरपाशी गेल्या. डब्यातल्या त्या रिकाम्या भोकाकडे बराच वेळ बघून त्यांनी सुदर्शनला विचारलं, “यातलं हिम शेवटचं कधी साफ केलंत?”

“दिवाळीत, मॅडम.”

“बरं.” मग भाग्यश्रीकडे वळून, “तुम्ही इंगोले? चला मांजरीला.”

“मी? तिथे मला...”

“मारतील असं वाटतं? माझ्यादेखत मारणार नाहीत. मला साक्ष द्यायला कोर्टात जायचा फार कंटाळा आहे, आणि तसं मी त्यांना सांगेन.”

पॉलिहाऊसच्या दारात हिंमतराव घुले आडवे उभे होते. धिप्पाड माणूस, पण डोळे लाल झालेले.

“बाई, तुम्ही या आत. ही पोर न्हाय यायची. ही आली आन् म्हयन्यात रोग आला.”

“ती दाराबाहेर थांबेल,” वासंतीबाई म्हणाल्या. “पहिली आजारी झाडं कोणती होती, ते आठवतंय?”

“आठवायचं काय त्यात? लाल रिबिनी बांधल्यात मी.”

भाग्यश्रीने बाहेरून बघितलं. लाल रिबिनी विखुरलेल्या होत्या. एक चौथ्या ओळीत, एक अकराव्या, एक सतराव्या, एक पार टोकाला बाविसाव्या ओळीत. प्रत्येक रिबिनीच्या शेजारची झाडं मात्र कात्री जशी फिरली असेल तशी एकामागून एक आजारी होती.

“इंगोले, डिसेंबरात तुम्ही कुठपर्यंत गेला होतात?”

“दारापासून तीन ओळी, मॅडम.”

“मग सतराव्या ओळीत उडत गेलात का?”

भाग्यश्रीने नुसती मान हलवली. भीतीने तिचं डोकंच चालत नव्हतं.

राजस कुलथे तिथेच होता. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. “मॅडम, आमचं बियाणं प्रमाणित आहे. दर वर्षी दातार सरांची सही असते. पुढच्या शुक्रवारी हाच लॉट एक्केचाळीस पॉलिहाऊसना जातोय. तेव्हा लवकर निकाल लागला तर सगळ्यांनाच बरं.”

एक्केचाळीस. 

३

परत आल्यावर वासंतीबाईंनी सर, सुदर्शन, राजस आणि भाग्यश्री, चौघांनाही एकेक प्लास्टिकची पिशवी दिली. “तुमचं रोजचं पेन आणि किल्ल्या यात टाका. वर नाव लिहा. मला ठसे हवेत.”

“बोटांचे ठसे?” दातार सर हसले. “बाई, हे पोलिसांचं काम.”

“पोलीस आले की सगळीकडे चहाचे कप ठेवतात. मला आवडत नाही.”

सरांनी कोटाच्या खिशातलं शाईचं पेन पिशवीत टाकलं. “माझ्या पेनावर शाईखेरीज काही सापडायचं नाही. मी गेली चार वर्षं विषाणूला हात लावलेला नाही. शेतावरही जात नाही. मी आता फक्त सह्या करतो.”

“हे मी लिहून घेते,” वासंतीबाई म्हणाल्या आणि खरंच लिहून घेतलं.

सुदर्शनने मुकाट्याने पिशवी दिली. जिन्यात त्याने भाग्यश्रीला गाठलं.

“ताई, एक सांगू? रविवारी मी आलो होतो इथं.”

 ती एक पायरी मागे सरली.

“फ्रीझर उघडा राहिला की माझ्या फोनवर मेसेज येतो. रविवारी अकरा वीसला आला. मी बाराला पोचलो, तर फ्रीझर बंद होता, कुणी नव्हतं. वाटलं, मशीनच बिघडलं असेल. आता मीच आलो होतो म्हटल्यावर माझ्यावरच येणार ना? माझं नाव घेऊ नका.”

त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, तिला ठरवता येईना. तो खोटं बोलत असेल तर ती आत्ता, रिकाम्या जिन्यात, चोरासमोर एकटी उभी होती. आणि खरं बोलत असेल तर रविवारी किल्ली लावणारी दोनच माणसं उरत होती. एक सर. दुसरी ती स्वतः. रविवारी अकरा वाजता ती खोलीत एकटीच होती आणि त्याला कुणीही साक्षी नव्हतं.

हिंमत करून ती ते सांगायला वासंतीबाईंकडे गेली. बाई संस्थेच्या दुसऱ्या टोकाच्या काचघरात होत्या. तिथे विषाणूचं काम कधीच होत नसे. समोर पाच कुंड्या, चाकवताच्या जातीची रोपं. बाईंनी प्रत्येक पिशवीतल्या वस्तूंवर ओला बोळा फिरवला आणि तो बारीक भुकटी टाकून एकेका रोपाच्या पानावर हलक्या हाताने चोळला. दर वेळी नवे हातमोजे. पाचव्या रोपावर नुसतं पाणी.

भाग्यश्रीला एकदम उमगलं. हे ठसे बोटांचे नव्हते. या रोपांच्या पानावर तो विषाणू चोळला, तर पाच-सहा दिवसांत तिथे ठिपके उठतात.

“पण मॅडम,” ती म्हणाली, “माझ्या रोपावर तर ठिपके येणारच. मी रोज तेच काम करते.”

“येतील की.”

“मग मीच सापडणार!”

बाईंनी हातमोजे उलटे करून काढले. “सोमवारी सकाळी आठला या. आणि तोवर मला काही समजावू नका. मी म्हातारी आहे, घाबरलेल्या माणसाचं ऐकून घ्यायची सवय गेली माझी.”

४

ते सहा दिवस भाग्यश्रीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. प्रयोगशाळेत कुणी तिच्याशी धड बोलेना. तिचा कॉम्प्युटर बंद करून ठेवला होता. सर मात्र भेटले की खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “चूक माणसाकडून होते. तू स्वतःहून लिहून दिलंस तर मी सांभाळून घेईन.” शुक्रवारी त्यांनी मजकूरही टाइप करून आणून दिला. खाली सहीपुरती जागा रिकामी होती. तो कागद दोन दिवस तिच्या उशीखाली होता, आणि रविवारी दुपारी तिने खरोखरच पेन हातात घेतलं. सही केली की सगळं संपेल. फोटो फिरायचे थांबतील, आई विचारायची थांबेल. तिने नावाचं पहिलं अक्षर काढलं.

मग तिला त्या रिबिनी आठवल्या. सतरावी ओळ.

ती तिथे गेलीच नव्हती. तिथल्या झाडाला कुणाच्याच हाताने रोग दिला नव्हता. ते आजारीच उगवलं होतं.

तिने कागद फाडला.

सोमवारी आठ वाजता वासंतीबाई काचघरात स्टुलावर बसल्या होत्या. पाण्याचं रोप स्वच्छ होतं. सुदर्शनचंही स्वच्छ. हातमोज्यांशिवाय कशालाही हात न लावण्यावरून सगळे त्याची चेष्टा करायचे. राजसच्या रोपावर ठिपके होते. भाग्यश्रीच्या रोपावर होते, खूप होते.

आणि चौथ्या कुंडीतल्या रोपावरही होते. त्या कुंडीवर नाव होतं, श्रीनिवास दातार.

५

ठिपक्यांतल्या विषाणूंची जनुकं वाचून यायला तीन दिवस लागले. गुरुवारी दुपारी तीन वाजता संस्थेच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. हिंमतरावांनाही बोलावलं होतं. राजस सारखा घड्याळ बघत होता; उद्या शुक्रवार होता.

“ठिपके आले म्हणजे काय सिद्ध झालं?” दातार सर म्हणाले. “ही मुलगी माझ्यासमोर वह्या ठेवते. मी त्यांवर सही करतो. तिच्या हातचा विषाणू माझ्या पेनाला लागला.”

“मलाही आधी तसंच वाटलं,” वासंतीबाई म्हणाल्या. “हिंमतराव, तुमच्यासाठी सोपं करून सांगते. विषाणू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल करतो. एखादी पोथी हाताने उतरवत गेलं की कधीतरी एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत राहते. या प्रयोगशाळेत सहा वर्षं वाढवलेल्या विषाणूत एक चूक आहे. इंगोलेंच्या पेनावर तीच चूक मिळाली. तुमच्या काकडीत ती चूक नाही.”

“म्हंजी?”

“म्हणजे या पोरीच्या हातून तुमच्याकडे काही गेलं नाही. गेलं असतं तर तिची चूकही बरोबर गेली असती.”

भाग्यश्रीने टेबलाची कड घट्ट धरली. 

“तुमच्या काकडीतल्या विषाणूत दुसरीच एक चूक आहे. राजसच्या किल्ल्यांवर ती मिळाली. तो तुमच्याकडे येतो-जातो, त्यात नवल नाही. आता दातारांचं पेन.” बाईंनी कागद पुढे सरकवला. “यावर ना इंगोलेंची चूक आहे, ना मांजरीची. दोन्ही नकला जिच्यावरून निघाल्या, ती मूळ पोथी आहे ही. ती फक्त एका नळीत होती, आणि ती नळी आता नाही.”



“चार वर्षं विषाणूला हात लावला नाही, शेतावर गेलो नाही, असं आपणच सांगितलंत. मी लिहून घेतलंय. रविवारी अकरा वीसला फ्रीझर उघडा राहिल्याची नोंद आहे. तेव्हा आपण नळी घेतलीत, धुवून टाकलीत, हातही धुतलेत. मग खिशातलं पेन काढलंत. नळी नाहीशी केलीत, पण त्यातला विषाणू तुमच्याच पेनावर राहिला.”

“मी रोग पसरवला असं म्हणायचंय तुम्हाला?” सरांचा आवाज फाटला.

“नाही. तो फ्रीझर दिवाळीपासून साफ केलेला नाही. नळी महिना-दोन महिने आधी गेली असती तर त्या भोकात हिम साचलं असतं. ते स्वच्छ होतं. म्हणजे नळी गेली तेव्हा मांजरीची काकडी केव्हाच आजारी पडली होती. आणि गोठलेला विषाणू नक्कल करत नाही. मांजरीच्या विषाणूने केलीय, म्हणजे तो ही सहा वर्षं कुठेतरी जिवंत होता. कुठे?” बाई भाग्यश्रीकडे वळल्या. “सांगा, इंगोले.”

“बियाण्यात,” भाग्यश्री म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “म्हणून पहिली झाडं विखुरलेली होती. मूळ पान याच कंपनीच्या प्लॉटमधलं आहे. मूळ नळी वाचली असती तर बियाणं सहा वर्षं रोगट आहे हे कळलं असतं. आणि दर वर्षी ते निरोगी आहे म्हणून सही...” 

दातार सरांनी चष्मा काढला. मग टेबलाकडे बघतच बोलले. “पहिल्या वर्षी मी शंभर बिया तपासून सही केली. दोन हजार तपासायला हव्या होत्या. महिन्याभराने ते पान आलं. तेव्हा सांगितलं असतं तर माझी सही खोटी ठरली असती. मी घाबरलो. पुढच्या वर्षी तर आणखीच घाबरलो.”

“आणि माझा फोटो?” भाग्यश्रीने विचारलं. “तो मी फक्त तुम्हाला पाठवलेल्या अहवालात होता.”

त्यांनी वर बघितलं नाही. राजसने खिडकीकडे तोंड फिरवलं. हिंमतराव सावकाश उठले, राजसच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “उद्याचा माल थांबव. आत्ता, माझ्यासमोर फोन लाव.”

६

माल थांबला. पण आठ जणांनी तो आधीच नेला होता. दातारांची चौकशी सुरू झाली, भाग्यश्रीला नवा मार्गदर्शक कधी मिळणार ते कुणालाच सांगता येईना. तिने ते बाजूला ठेवलं आणि आठ नावांची यादी घेऊन निघाली.

आठवं नाव होतं कौशल्या बोडके. हिंजवडीच्या पुढे, कंपन्यांच्या काचेच्या इमारती संपतात तिथून थोडं आत, त्यांचं पॉलिहाऊस होतं. पंधरा दिवसांची रोपं, तीन-तीन पानांची, हिरवीगार. कुठे एक डाग नाही.

“यांना काय धाड भरलीय?” कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, धास्ती होती. “बघा की किती छान हायेत.”

भाग्यश्रीने समजावून सांगितलं नाही. नवे हातमोजे घातले, मधल्या ओळीतली वीस पानं खुडली, पिशवीत चुरगळली आणि चाचणीची पट्टी त्या रसात उभी धरली. करोनाच्या वेळी सगळ्यांनी घरोघरी केली तशीच ही पट्टी होती. कौशल्याबाईंना तिचा अर्थ सांगावा लागला नाही. दोघी उकिडव्या बसून बघत राहिल्या. एक रेघ आली.  आजवरच्या सातांपैकी चौघांकडे एकच रेघ आली होती. इथेही तसंच होऊ दे, असं ती मनात म्हणाली.

पाचव्या मिनिटाला दुसरी रेघ उमटली. आधी सावलीसारखी, मग स्पष्ट लाल.

 कौशल्याबाईंनी पदराने तोंड पुसलं, पट्टीकडे आणखी एकदा बघितलं.

“शेजारच्या पायलनं माझ्याकडनंच शंभर रोपं नेलीत,” त्या शेवटी म्हणाल्या. “अजून कुणाला न्हाय म्हाईत. मी बोलले न्हाय तर तिला कळायचंबी न्हाय कुठनं आलं ते.”

भाग्यश्री त्यांच्याकडे बघत राहिली. 

कौशल्याबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “चला,” त्या म्हणाल्या. “आधी तिला सांगू. मग उपटायला लागू.”